एकतीस चुली

सत्यभामेच्या मते दुबई म्हणजे पेणच्या बाजारपेठेहून फार तर दुप्पट असावी. नाहीतर तिनं फोनवर असला हुकूम सोडलाच नसता.

"ऐक. तो मोजनीवाला सायेब जिता हाय. तुझ्याच गावात हाय. आज जाऊन भेट त्याला."

"माझ्या गावात?" महादू हिलमनं विचारलं. अल क्वोजच्या लेबर कॅम्पबाहेरच्या फोन बूथमध्ये तो उभा होता आणि मागे सात जणांची रांग होती.

"दुबईत रं. लेकीकडं र्‍हातो. राजाभाऊ टिपनीस नाव. कुनालाबी विचार, सांगतील."

महादू परांच्या बांधायचा. शेख झायेद रोडवर तिसाव्या मजल्याच्या परांचीवर उभं राहिलं की या गावाचा अंत दिसत नाही, हे त्याला रोज दिसत होतं. पण बायकोला ते सांगण्यात अर्थ नव्हता. सत्यभामा कातकरवाडीची पुढारी होती, ग्रामपंचायतीची मेंबर होती, आणि तिच्यापुढं बोलायला प्रांतसाहेबही आधी घसा साफ करायचे, असं वाडीत म्हणत. महादू तर बोलूनचालून नवरा.

आणि काम तरी साधं होतं का? वाडीच्या चोवीस एकर जमिनीचा प्रश्न होता.

झालं होतं असं. बहात्तर साली वाडीच्या डोंगरउतारावरची सगळी दळी, म्हणजे वाडीनं मिळून कसायची जमीन, धरणात जाणार होती. सरकारनं वाडीशी रीतसर करार केला. तुम्ही उतार सोडा, आम्ही कालव्याखाली घरटी दोन एकर देतो. वाडीत घरं एकतीस. कातकऱ्यांनी कागदावर अंगठे उठवले, आणि सरकारनं माघ महिन्यात माणूस पाठवून घरं मोजली. आता माघात कातकरवाडी मोजणं म्हणजे दुपारी बारा वाजता शाळेच्या मैदानावर चांदण्या मोजण्यासारखं. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि होळीला परत येतात. हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं, फक्त सरकारी तारखेला ठाऊक नव्हतं. मोजणी झाली एकोणीस घरांची. जमीन मिळाली अडतीस एकर, एकत्रच; कागदावर घरांचा नुसता आकडा होता, नावं नव्हती. बारा घरं त्या आकड्यात नव्हतीच.

होळीला माणसं परतली तेव्हा वाडीच्या म्हाताऱ्यांनी जे केलं ते शहाण्या माणसानं कधी केलं नसतं. त्यांनी अडतीस एकरांचे एकतीस तुकडे केले आणि प्रत्येक घराला एक दिला. वर सगळ्यांना शपथ घातली, की कुठलं घर मोजलं आणि कुठलं राहिलं हे आजपासून कुणी बोलायचं नाही. पोरांना तर सांगायचंच नाही. देणाऱ्याची मान वर आणि घेणाऱ्याची खाली, असं एका वाडीत चालायचं नाही.

महादू तेव्हा दोन वर्षांचा होता. आपलं घर एकोणिसातलं की बारातलं, हे त्याला आज एकतिसाव्या वर्षीही माहीत नव्हतं.

पण या मोठेपणानंच वाडीचा दावा बुडवला. बारा घरं राहिली म्हणून अर्ज केला, की साहेब यायचा, एकतीसच्या एकतीस घरांना नांगरताना बघायचा आणि विचारायचा, "मग उपाशी कोण आहे? तक्रार कुणाची?" एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं. आता नव्या प्रांतांनी सुनावणी लावली होती आणि सांगितलं होतं, की मोजणीच्या दिवशी वाडीत एकतीस घरं उभी होती, एवढं सिद्ध करा. ते सांगू शकणारा कागद कुठंच नव्हता. माणूस एकच होता, आणि सत्यभामेला कचेरीतल्या म्हाताऱ्या शिपायानं सांगितलं होतं, की त्या माणसाची पेन्शनची पत्रं हल्ली दुबईहून येतात.

"तीन आठवडे हायत सुनावनीला," ती म्हणाली. "आन् नीट बोल त्याच्याशी. गप उभा र्‍हाऊ नको खांबासारखा."

रांगेतला पठाण काचेवर टकटक करून "यल्ला, यल्ला" ओरडू लागला. महादूनं फोन ठेवला.

साहेबाला शोधून काढला तो फोरमन यूनुसनं. यूनुस म्हसळ्याचा. महादूला दुबईत आणलं होतं त्यानंच, आणि त्यामुळं महादूच्या साऱ्या भानगडी आपल्याच आहेत असं तो धरून चालायचा.

"आडनाव टिपणीस? रायगडातले?" यूनुसनं डोळे बारीक केले. "मग कडवे वाल लागणार त्यांना. कडव्या वालाशिवाय ती मंडळी जगत नाहीत. मीना बाजारच्या मागं एकच दुकान आहे वालाचं. चल."

दुकानदारानं वही न उघडता सांगितलं. दर पंधरा दिवसांनी दोन किलो. बर दुबई, देवळाच्या गल्लीपासून चौथी बिल्डिंग, तिसरा मजला. मॅडम बँकेत आहेत, वडील सोबत राहतात. सरकारनं एकोणतीस वर्षांत ज्याला कधी विचारलं नाही तो वालाच्या पुरचुंडीवरून दहा मिनिटांत सापडला.

शुक्रवारी दुपारी महादू इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला. दहा वर्षांच्या मुलीनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आत ओरडली, "आजोबा, समवन फॉर यू!"

राजाभाऊ टिपणीस एकाहत्तर वर्षांचे होते. ताठ, काटक, आणि कंटाळून अर्धमेले झालेले. पाहुणा पेण तालुक्यातला आहे कळताच ते सोफ्यावर मांडी घालून सरसावले. पाऊस कसा झाला, एसटीचा थांबा आहे तिथंच आहे का, सगळं विचारून घेतलं. त्यांची मुलगी मृणालिनी चहा घेऊन आली. "आभा, गो अँड फिनिश युवर होमवर्क," तिनं लेकीला सांगितलं आणि महादूला म्हणाली, "बसा ना नीट. बाबांना गावाकडचं कुणी भेटलं की किती बरं वाटतं!"

मग महादूनं वाडीचं नाव घेतलं.

राजाभाऊंनी कप खाली ठेवला. "एकोणीस," ते म्हणाले. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

"साहेब, आमी एकतीस व्हतो."

"एकोणीस. मी स्वतः एकेका दारात उभा राहिलोय. बाकीच्या बारा झोपड्या सोडून दिलेल्या होत्या. ओसाड."

"मानसं भट्टीवर गेलेली, साहेब. माघ व्हता."

"मला भट्टी शिकवतोस?" राजाभाऊंचा आवाज चढला. "तीस वर्षं त्या तालुक्यात पायपीट केली मी. भट्टीवर गेलेलं घर आणि उठून गेलेलं घर, यातला फरक कळतो मला. मी आत वाकून पाहिलंय. ती माणसं परत येणार नव्हती. संसार उठला होता तिथला. उगाच नाही लिहिलं मी! माझ्या सर्व्हिसमध्ये एका मोजणीवर कुणी बोट ठेवलेलं नाही."

"बाबा, युवर बीपी, प्लीज," मृणालिनी म्हणाली.

राजाभाऊ थोडे निवले. "तुझं घर त्या बारातलं का?"

"ठाऊक नाय, साहेब."

"ठाऊक नाही म्हणजे?"

महादूनं शपथेची गोष्ट सांगितली. असा दावेदार राजाभाऊंनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. पण शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नव्हतं, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि विषय संपवला.

महादू उठला. आता सत्यभामेला काय सांगायचं, ते तो मनात जुळवत होता. तो चपला घालत होता तेवढ्यात म्हातारबुवा मागं आले आणि मुलगी ऐकत नाही ना हे पाहून हळूच म्हणाले, "काय रे, इथं ताजा बांगडा कुठं मिळतो? ही मंडळी मला बर्फातला खाऊ घालतात."

"खोर फक्कानला," महादूच्या तोंडून गेलं. "आमी जानार हाय पुढल्या सुक्रवारी. किनाऱ्यावरच भाजतो."

"मग मी येतो," राजाभाऊ म्हणाले.

कुणीही कुठंही जाणार नव्हतं. खोर फक्कान हे पलीकडच्या किनाऱ्यावरचं बंदर महादूनं नुसतं ऐकलं होतं. यूनुसला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसला, आणि मग कंपनीची पिकअप मागायला गेला.

मधल्या बुधवारी सत्यभामेचा निरोप आला. प्रांतांनी तडजोड सुचवली होती. सुनावणीची कटकट कशाला, पाच एकर घ्या आणि दावा मिटल्याच्या कागदावर सह्या करा.

"कातळ हाय कातळ!" ती फोनवर कडाडली. "त्याच्यावर गवत उगवत नाय. आन् आपल्यातली पाच-सहा घरं म्हनतात, घेऊन टाकू. एकोनतीस वर्सं थकली मानसं. मी सांगितलं, पुढल्या आठवड्यातल्या गुरुवारच्या सुनावनीपर्यंत थांबा. मोजनीवाला काय म्हनतो?"

"बांगडा खायाला येतोय," महादू म्हणाला.

सत्यभामेनं त्याच्याकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

शुक्रवारी पहाटेच पिकअप निघाली. राजाभाऊ पांढरे बूट, स्वेटर आणि लेकीनं जबरदस्तीनं बांधलेला मफलर अशा थाटात पुढं बसले होते. मसाफी गाव जवळ आलं आणि डोंगर लागले तसे ते खिडकीतून बाहेर वाकून चढ-उतार, ओढे, घळी असे दाखवू लागले की हा मुलूख त्यांनीच मोजून दिला असावा. यूनुस नुसता "हां साहब, बरोबर साहब" करत होता.

खोर फक्कानला बंदराजवळ होड्या नुकत्याच लागलेल्या. बांगडा डोळे टवटवीत असलेला मिळाला. महादूनं किनाऱ्याच्या टोकाला वाऱ्याची दिशा पाहिली, तीन दगड निवडले, बेतानं मांडले, वाहून आलेली लाकडं पेटवली. मीठ-मसाला लावून मासा निखाऱ्यावर गेला आणि वास सुटला तसे राजाभाऊ बूट काढून वाळूत फतकल मारून बसले. मफलर कधीच उडाला होता. त्यांनी सहा बांगडे खाल्ले. यूनुसनं म्हसळ्याच्या गोष्टी सांगितल्या, राजाभाऊंनी जुन्या मामलेदाराच्या नकला केल्या, आणि महादू इतका हसला की मासा जळता जळता वाचला. आपण इथं कशाला आलो आहोत हे तो खरोखरच तासभर विसरला. दुबईतल्या तीन वर्षांत त्याचा असा एकही दिवस गेला नव्हता.

उन्हं कलली. आवरायची वेळ झाली. महादूनं काटे पुरले, विस्तवावर वाळू लोटली, आणि पायानं, सवयीनं, तिन्ही दगड एकेक करून उलथे केले. काळी बाजू खाली, कोरी वर.

"ते काय केलंस?"

राजाभाऊ बूट हातात घेऊन उभे होते.

"काय, साहेब?"

"ते दगड. ते उलटे का केलेस?"

महादूनं दगडांकडे पाहिलं. आपण काही केलं हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. "आमच्या वाडीची रीत हाय ती. घर सोडून भट्टीवर जाताना चूल उलथी करून जायाचं. चुलीला सांगायचं, झोप. दुसऱ्या कुनासाठी पेटू नको. परत आलो का उठवायची."

"आणि कायमचंच जायचं असलं तर?"

"मंग कशाला उलथवायची? उभीच ठेवायची, ज्याला लागंल तो शिजवील."

राजाभाऊ वाळूत बसले.

"बाराही झोपड्यांत," ते म्हणाले. "बाराही! तीन तीन दगड, उलटे पडलेले. मी वाकून पाहिलं. मला वाटलं, चूल मोडून गेली माणसं. आता कोण येतंय. आमच्याकडं तसंच समजतात रे. मी डायरीत तसंच लिहिलं."

"डायरी आहे, साहब?" यूनुसनं विचारलं.

"असणार नाही तर! चौतीस डायऱ्या आहेत. मृणालिनी विमानाच्या वजनावरून भांडली, तरी आणल्या."

पिकअप परतीला लागली. हातात आलेलं सुख कधी निसटेल याचा नेम नव्हता. म्हातारा ताठ होता, आणि त्याला आता स्वतःच्याच तोंडानं आपली चूक कबूल करायची होती. गयावया करावी तर तो चिडेल, गप्प बसावं तर सत्यभामा म्हणाली होती खांबासारखा उभा राहू नकोस.

धैद गाव मागं पडल्यावर राजाभाऊ समोर बघतच म्हणाले, "एकच गोष्ट होती माझ्याकडं. मोजणी. लोकांनी घरं बांधली, पैसा केला. मी म्हणायचो, माझी मोजणी चुकली नाही."

"चुकली नायच, साहेब," महादू म्हणाला.

"थापा मारू नकोस."

"थाप नाय. दुसरा असता तर रिकामं झोपडं म्हनून बाहेरूनच गेला असता. लिहिलं बी नसतं. तुमी बाराच्या बारा झोपड्यांत वाकून गेलाव, दगड मोजून लिहिलंव. एकोनीस आन् बारा किती हुतात, साहेब? तुमी एकतीसच मोजलं हुतं. फकस्त बेरीज नाय केली."

हे त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलताच ते खरं आहे हे त्याला कळलं, आणि म्हणून ते राजाभाऊंच्या मनाला भिडलं.

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. शारजाचे दिवे दिसू लागल्यावर त्यांनी घसा खाकरला. "यूनुस, आपलं कॉन्सुलेट उद्या सकाळी किती वाजता उघडतं?"

शनिवारी सकाळी त्यांनी कॉन्सुलेटमध्ये प्रतिज्ञापत्र केलं. मजकूर स्वतः सांगितला, काना-मात्र्यांसकट, आणि टायपिस्टनं "झोपडी" लिहिलं तिथं "घर" करायला लावलं. डायरीचं ते पान सोबत जोडलं. मूळ कागद यूनुसचा मावसभाऊ मुश्ताक घेऊन गेला. तो रविवारी मुंबईला निघाला होता आणि त्याच्या बॅगेत आधीच सहा जणांच्या आयांसाठी बाम आणि खजूर होते.

गुरुवारी सुनावणी झाली. त्या दिवशी महादूनं परांचीवर एक गाठ दोनदा बांधली आणि एक बांधायचीच विसरला. यूनुसनं त्याला खाली उतरवून पाणी मारायच्या कामावर लावलं. संध्याकाळी तो बूथवर पोचला तर राजाभाऊ टॅक्सी करून आधीच येऊन थांबलेले. रांगेतल्या सगळ्यांना त्यांनी प्रकरण सांगून ठेवलं होतं. पठाणानं महादूला हाताला धरून पुढं केलं. "जाओ भाई. पहले तुम."

वाडीच्या फाट्यावरच्या एसटीडीवर घंटा वाजली. सत्यभामेनं पहिल्याच घंटेला उचलला.

"वाचला सायबानं कागद," ती म्हणाली. "दोनदा वाचला. डायरीचं पान बघितलं. म्हनाला, हा टिपनीस लई काटेकोर मानूस असनार."

"तो म्हनला, तुमी काटेकोर हाव," महादूनं राजाभाऊंना सांगितलं. राजाभाऊंनी "हं" केलं आणि तोंड फिरवलं.

"कातळाचं नाव काढलं नाय त्यानं. चोवीस एकर, कालव्याखाली. मंजूर."

महादूला ओरडायचं होतं. पण ती अजून बोलत होती.

"मंग म्हनतो, त्या बारा घरांची नावं द्या. वारस कोन? त्यांच्या नावानं सातबारा करू. मी म्हनलं, आमच्यात ते बोलत नाय. म्हनला, बाई, नाव नाय तर जमीन कशी देऊ? म्हनलं, एकतीस नावं हायत, ती लिवा. म्हनला, एकोनीसांना तर मिळालीय. म्हनलं, कुनाला मिळालीय ते तुमी सांगा, आमाला ठाऊक नाय. लई तापला. मंग त्यानं आपल्या म्हातारीला पुढं घेतलं."

"आईला?"

"तीच सगळ्यांत म्हातारी तिथं. त्यानं इचारलं, आजी, तुमच्यासमोर झालं ना सगळं? सांगा, कुनाकुनाचं घर र्‍हायलं? म्हातारी म्हनली, सायेब, वय झालं, इसरले. सायेब म्हनला, अहो आजी, आत्ता तर तुमी भट्टीवाल्या मुकादमाच्या बैलांची नावं सांगितलीत! म्हातारी म्हनली, बैलांची शपथ नव्हती घातली."

बूथमध्ये महादू इतक्या जोरात हसला की बाहेरची रांगही कारण न कळताच हसू लागली.

"कचेरी हसली, सायेब हसला. पेन ठेवलं त्यानं. मंग म्हनला, करारात वाडीला जमीन द्यायची असं हाय, तर वाडीलाच देतो. एकतीस नावं, एकच सातबारा. आत्ता लिवतो, उद्या कुनी बदलायला नको."

महादूनं रिसीव्हर छातीशी धरला आणि राजाभाऊंना सांगितलं. राजाभाऊंनी पठाणाला मिठी मारली. दुसरं कुणी जवळ नव्हतं. पठाणानंही "मबरूक, मबरूक" म्हणत त्यांना उचलूनच घेतलं.

मग महादूनं फोन पुन्हा कानाला लावला. आता सगळं झालं होतं. आता विचारायला काय हरकत होती? एकतीस वर्षं जे मनात होतं ते त्यानं हळू आवाजात विचारलं. "सत्या, आईला ठाऊक हाय ना गं? आपलं घर कुठलं? एकोनिसातलं का बारातलं?"

"मीबी तेच इचारलं तिला, येताना एसटीत," सत्यभामा म्हणाली. "म्हनलं, आता तरी सांग. कागद झाला, आता कुनाची मान खाली जात नाय."

"मंग? काय म्हनली?"

"काय म्हननार? माझ्याकडं बघून म्हनली, त्याला इचार, पेरायला येतोय का."

महादूच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही थांबेना. बाहेर रांग आता त्याच्याकडे टक लावून बघत होती, आणि कुणीही घाई करत नव्हतं.

"येतो म्हनावं," तो म्हणाला.